पाण्याच्या वाटेने एकट्याचा प्रवास

प्रस्तावना

पाऊस सुरू झाला की बहुतेक माणसे प्रवास पुढे ढकलतात. काही माणसे मात्र याच दिवसांत पाठीवर पिशवी टाकून बाहेर पडतात. डोंगर चढावा, खाडीत होडी वल्हवावी, चार दिवस स्वतःच्या सोबतीने राहावे, अशी त्यांची इच्छा असते. अशा प्रवासाला फार पैसा लागत नाही. मात्र पाऊस आणि पाणी यांची समज लागते. ही समज नसल्यामुळे दर वर्षी काही माणसे घरी परत येत नाहीत.

प्रस्तुत पाठात चेन्नई शहरातील वेलचेरी हे ठिकाण आपण मध्यवर्ती मानले आहे. तेथून एक वाट पाण्याच्या सोबतीने खाडीपर्यंत जाते आणि दुसरी वाट जिंजीच्या किल्ल्याकडे जाते. या दोन वाटांच्या आधारे कमी खर्चात, एकट्याने आणि पावसाळी हवेत प्रवास कसा करावा, याची माहिती आपण घेणार आहोत.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर आपण –
• महाराष्ट्रातील व चेन्नईतील पावसाळ्यांतील फरक सांगू शकाल;
• पावसाचे पाणी कोठून कोठे जाते, हे एका उदाहरणाने स्पष्ट करू शकाल;
• कयाक वल्हवताना व डोंगर चढताना घ्यावयाची काळजी सांगू शकाल;
• प्रवासात कोठे काटकसर करावी व कोठे करू नये, हे ठरवू शकाल.

१. दोन पावसाळे

महाराष्ट्रात पावसाळा म्हटला की जून ते सप्टेंबर हे चार महिने डोळ्यांपुढे येतात. या काळात नैर्ऋत्येकडून येणारे वारे अरबी समुद्रावरील बाष्प घेऊन सह्याद्रीला धडकतात. वारे वर चढतात, थंड होतात आणि कोकण व घाटमाथ्यावर मुसळधार पाऊस पडतो. पर्वत ओलांडून पूर्वेकडे जाताना त्यांतील बाष्प बरेच कमी झालेले असते. तमिळनाडूचा मोठा भाग असा पर्वतांच्या आडोशाला येतो. म्हणून मुंबईत जुलै महिन्यात धो धो पाऊस कोसळत असताना चेन्नईत अधूनमधून एखादी सर येते.

ऑक्टोबर महिन्यात वाऱ्यांची दिशा बदलते. ते आता ईशान्येकडून वाहू लागतात. बंगालच्या उपसागरावरून येताना ते बाष्प गोळा करतात आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यावर पाऊस देतात. चेन्नईत वर्षाला सरासरी सुमारे १४०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील निम्म्याहून अधिक पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत पडतो. याच काळात उपसागरात कमी दाबाचे पट्टे आणि चक्रीवादळे तयार होतात. त्यामुळे तेथील पाऊस रिमझिम स्वरूपाचा क्वचित असतो. चार दिवस स्वच्छ ऊन पडते आणि पाचव्या दिवशी महिन्याभराचा पाऊस एका रात्रीत कोसळतो.

आपल्या प्रवासाच्या दृष्टीने या माहितीचे महत्त्व मोठे आहे. दिवाळीनंतर महाराष्ट्रात हवा कोरडी होते. त्याच अंदाजाने चेन्नईला निघालेला प्रवासी छत्रीसुद्धा सोबत घेत नाही आणि ऐन पावसात सापडतो. ज्या प्रदेशात जायचे, त्या प्रदेशाचे ऋतू आधी समजून घ्यावेत, हा प्रवासाचा पहिला धडा होय.

२. वेलचेरी : पाण्याने न सोडलेली जागा

वेलचेरी हा चेन्नईच्या दक्षिण भागातील गजबजलेला परिसर आहे. येथे उंच इमारती, मोठी दुकाने आणि माहिती तंत्रज्ञान कंपन्यांकडे जाणारे रस्ते आहेत. २००७ साली उन्नत रेल्वेमार्ग येथपर्यंत आला आणि वस्ती आणखी वाढली. पूर्वी मात्र हे तलावाकाठचे एक गाव होते. सिंचनासाठी बांध घालून केलेल्या तलावाला तमिळ भाषेत ‘एरी’ म्हणतात. वेलचेरीची एरी आजही आहे, पण घरे, रस्ते व वसाहती यांनी तिचा बराचसा भाग व्यापला आहे.

या तलावातून ओसंडणारे पाणी पूर्वीपासून जवळच्या पळ्ळिकरणै दलदलीत जात असे. आसपासच्या इतर अनेक तलावांचे पाणीही तेथेच येई. दलदल म्हणजे निरुपयोगी चिखल, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात दलदल एखाद्या स्पंजासारखे काम करते. पावसाचे पाणी ती शोषून धरते, पसरवते आणि हळूहळू पुढे सोडते. पळ्ळिकरणै दलदलीचा मोठा भाग गेल्या काही दशकांत इमारती, रस्ते आणि कचऱ्याचे ढीग यांखाली गेला. उरलेल्या भागापैकी सुमारे १२४७ हेक्टर क्षेत्राला २०२२ साली ‘रामसर स्थळ’ म्हणून आंतरराष्ट्रीय महत्त्व मिळाले. आजही हिवाळ्यात तेथे रोहित, झोळीवाले आणि इतर अनेक पाणपक्षी दिसतात.

जागा बदलली, तरी पाण्याचा उतार बदलत नाही. १ व २ डिसेंबर २०१५ रोजी याचा कठोर अनुभव चेन्नईला आला. शहराच्या दक्षिणेस असलेल्या तांबरम येथे चोवीस तासांत सुमारे ४९ सेंटिमीटर पाऊस पडला. या आकड्याचा अर्थ नीट समजून घेऊ. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर एक लिटर पाणी जमा होते. म्हणजे शंभर चौरस मीटरच्या एका गच्चीवर त्या दिवशी सुमारे एकोणपन्नास हजार लिटर पाणी पडले. दहा हजार लिटरचे जवळपास पाच टँकर एका गच्चीवर ओतावेत, तसे हे झाले. असे पाणी हजारो गच्च्यांवरून आणि रस्त्यांवरून सखल भागाकडे धावले. वेलचेरीतील अनेक घरांचे तळमजले बुडाले. किनाऱ्यावरील मच्छीमारांनी आपल्या होड्या शहरात आणल्या आणि ज्या रस्त्यांवरून बस धावत असत, त्या रस्त्यांवरून माणसांना सुखरूप बाहेर काढले.

२०२३ सालच्या डिसेंबर महिन्यात ‘मिचाँग’ चक्रीवादळाच्या वेळी वेलचेरीत पुन्हा पाणी भरले. २०२४ सालच्या ऑक्टोबर महिन्यात अतिवृष्टीचा इशारा मिळताच अनेक रहिवाशांनी आपल्या मोटारी वेलचेरीच्या उड्डाणपुलावर नेऊन उभ्या केल्या. काहींना हे दृश्य विनोदी वाटले. परंतु पाणी कोठे भरते आणि कोठे भरत नाही, हे त्या रहिवाशांनी अनुभवाने ओळखले होते. मुंबईकरांना हे नवीन नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मिठी नदीने आपली जुनी जागा अशीच परत घेतली होती.

नव्या गावात आलेल्या प्रवाशाने ही समज उसनी घ्यावी. ‘येथे पाणी कोठे भरते?’ हा प्रश्न रिक्षाचालकाला, चहावाल्याला किंवा वसतिगृहाच्या रखवालदाराला विचारावा. त्याचे उत्तर कोणत्याही नकाशापेक्षा अधिक नेमके असते. मुक्कामासाठी तळमजल्याची खोली टाळावी. पाणी साचलेल्या रस्त्यावरून चालू नये, कारण पाण्याखाली उघडे गटार असू शकते आणि विजेच्या खांबातून धक्का बसू शकतो. वाहते पाणी वीतभर खोल असले, तरी माणसाचा तोल घालवू शकते. चालणे अटळच असेल, तर काठीने तळ चाचपत रस्त्याच्या मध्यावरून जावे आणि जखम झालेला पाय त्या पाण्यात घालू नये. अशा पाण्यातून लेप्टोस्पायरोसिससारखे आजार होतात. नंतर ताप आल्यास डॉक्टरांना पाण्यातून चालल्याचे आवर्जून सांगावे.

पाठगत प्रश्न – १
१. चेन्नईत सर्वाधिक पाऊस कोणत्या महिन्यांत पडतो?
२. दलदल स्पंजासारखे काम करते, असे का म्हटले आहे?
३. ‘जागा बदलली, तरी पाण्याचा उतार बदलत नाही’ या विधानाचा अर्थ तुमच्या शब्दांत लिहा.

३. पाण्यासोबत खाडीपर्यंत

वेलचेरीचे पाणी पळ्ळिकरणै दलदलीतून ओक्कियम मडुवू नावाच्या प्रवाहात उतरते. तेथून ते बकिंगहॅम कालव्यास मिळते आणि दक्षिणेकडे वाहत जाऊन मुट्टुकाडू येथे कोवळमच्या खाडीतून बंगालच्या उपसागरात जाते. बकिंगहॅम कालवा एकोणिसाव्या शतकात टप्प्याटप्प्याने खोदला गेला. १८७६ ते १८७८ या काळातील भीषण दुष्काळात दुष्काळी कामे म्हणूनही त्याचे खोदकाम झाले. एके काळी मीठ, जळाऊ लाकूड आणि धान्य यांनी भरलेल्या होड्या या कालव्यातून मद्रास शहरात येत असत. आज ही वाहतूक थांबली आहे, पण शहराच्या दक्षिण भागातील पावसाचे पाणी समुद्राकडे नेण्याचे काम कालवा अजूनही करतो.

मुट्टुकाडू वेलचेरीपासून सुमारे पंचवीस किलोमीटर अंतरावर आहे. पूर्व किनारा मार्गावरून जाणाऱ्या शहर बसने तेथे थोड्या पैशांत पोहोचता येते. तमिळनाडू पर्यटन विकास महामंडळाचे नौकाविहार केंद्र तेथे आहे. या परिसरात कयाक भाड्याने देणाऱ्या व वल्हवण्यास शिकवणाऱ्या संस्थाही आहेत.

कयाक म्हणजे एक किंवा दोन माणसांची लांबट, अरुंद होडी. उत्तर ध्रुवाजवळच्या थंड प्रदेशातील इन्युइट लोकांनी ती शिकारीसाठी तयार केली. लाकडाच्या किंवा हाडांच्या सांगाड्यावर ते सील प्राण्याचे कातडे ताणून बसवीत. आताच्या कयाक बहुधा प्लॅस्टिकच्या असतात. आपल्याकडील होडीच्या वल्ह्याला एकाच टोकाला पाते असते. कयाकच्या वल्ह्याला मात्र दोन्ही टोकांना पाती असतात. वल्हवणारा पुढे तोंड करून बसतो आणि एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे पाणी मागे ढकलतो. चेन्नईच्या किनाऱ्यालाही अशा साध्या होडीची जुनी परंपरा आहे. येथील मच्छीमार ओंडके एकत्र बांधून तराफा करीत. त्याला तमिळमध्ये ‘कट्टुमरम’ म्हणजे बांधलेले लाकूड म्हणतात. इंग्रजी भाषेतील ‘कॅटामरान’ हा शब्द त्यावरूनच आला आहे.

कयाक वल्हवणे अवघड नाही. काही तासांत सामान्य माणसाला ती चालवता येते. परंतु होडी चालवता येणे आणि पाणी समजणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून पुढील बाबी ध्यानात ठेवाव्यात.

(अ) जीवरक्षक जाकीट होडीत बसण्यापूर्वी घालावे व त्याचे सर्व पट्टे घट्ट बांधावेत. दुसऱ्या माणसाला जाकिटाचे खांदे वर ओढून पाहण्यास सांगावे. जाकीट हनुवटीपर्यंत सरकले, तर ते सैल आहे असे समजावे. पोहता येणाऱ्यानेही ते घातलेच पाहिजे. डोक्याला मार लागलेला माणूस पोहू शकत नाही.

(आ) निघताना वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने जावे. म्हणजे परत येताना दमलेल्या हातांना वाऱ्याची मदत होते. जाताना वारा पाठीशी असेल, तर आपण फार वेगाने आणि फार दूर जातो आणि परतीची वाट जड होते.

(इ) ओहोटीच्या वेळी खाडीचे पाणी समुद्राकडे ओढले जाते. खाडीच्या मुखाशी ही ओढ सर्वांत अधिक असते. मुट्टुकाडूच्या मुखाशी कोरड्या ऋतूत वाळूचा बांध साचतो. पावसाळ्यात तो फुटला की दलदलीचे व कालव्याचे साठलेले पाणी जोराने समुद्रात जाते. शिकाऊ माणसाने मुखाकडे न जाता आतल्या शांत पाण्यातच राहावे.

(ई) होडी उलटली, तर तिला सोडून किनाऱ्याकडे पोहत जाऊ नये. उलटलेली कयाकही तरंगते आणि दुरून दिसते. तिला धरून राहावे व मदतीसाठी हाक द्यावी.

(उ) जोराच्या पावसानंतर एक-दोन दिवस पाण्यात उतरू नये. वर पाऊस थांबलेला असतो, पण शहरभरचे पाणी त्या वेळी वाटेत असते. त्यासोबत फांद्या, काचा आणि सांडपाणीही येते.

एकट्याने प्रवास करणाऱ्यांसाठी एक नियम या सर्वांहून मोठा आहे. प्रवास एकट्याने करावा, पण एकट्याने पाण्यात उतरू नये. डोंगरावर पाय मुरगळला, तर बसून वाट पाहता येते. पाण्यात मात्र मदत काही मिनिटांतच मिळावी लागते. एकट्या प्रवाशाने संस्थेच्या गटात सामील व्हावे किंवा मार्गदर्शक सोबत घ्यावा. त्यासाठी द्यावे लागणारे पैसे हा अनावश्यक खर्च समजू नये.

४. जिंजीची चढण

दुसरी वाट डोंगराची आहे. चेन्नईच्या नैर्ऋत्येस सुमारे दीडशे किलोमीटर अंतरावर, विळुप्पुरम जिल्ह्यात जिंजीचा किल्ला आहे. छत्रपती शिवाजी महाराजांनी दक्षिणेच्या मोहिमेत १६७७ साली तो जिंकला. पुढे स्वराज्यावर संकट आले, तेव्हा छत्रपती राजाराम महाराजांनी याच किल्ल्यातून राज्यकारभार चालवला. मोगल सैन्याने घातलेला वेढा सुमारे आठ वर्षे चालला आणि १६९८ साली किल्ला मोगलांकडे गेला. राजाराम महाराज त्यापूर्वीच तेथून निसटले होते. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्यांतील अकरा किल्ले महाराष्ट्रात आहेत आणि बारावा जिंजी आहे. मराठी प्रवाशाला चेन्नईत असताना या किल्ल्याची ओढ वाटणे साहजिक आहे.

चेन्नईच्या दक्षिण टोकाला किलांबाक्कम येथे मोठे बसस्थानक आहे. तेथून तिंडिवनममार्गे जिंजीला जाता येते. राजगिरी, कृष्णगिरी आणि चंद्रायनदुर्ग अशा तीन टेकड्यांवर हा किल्ला पसरलेला आहे. त्यांपैकी राजगिरी सर्वांत उंच, म्हणजे सुमारे २४० मीटर आहे. शिखराजवळ एक खोल घळ असून ती पुलावरून ओलांडावी लागते.

सह्याद्रीतील किल्ले काळ्या बेसॉल्ट खडकाचे आहेत आणि जिंजीच्या टेकड्या ग्रॅनाइटच्या प्रचंड गोट्यांनी बनलेल्या आहेत. खडक वेगळा असला, तरी ओल्या दगडाचा स्वभाव दोन्हीकडे सारखाच असतो. जेथे रोज पाणी झिरपते, तेथे शेवाळे धरते आणि शेवाळ्यावर चांगला बूटही घसरतो. पाऊल सपाट टाकावे आणि शरीराचे वजन हळू पुढे न्यावे. चढण्यापेक्षा उतरणे अधिक धोक्याचे असते, कारण त्या वेळी पाय थकलेले असतात आणि मन निश्चिंत झालेले असते.

डोंगरात वीज हा मोठा धोका असतो. ध्वनी तीन सेकंदांत साधारण एक किलोमीटर अंतर कापतो. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजावेत. हे अंतर तीस सेकंदांहून कमी असेल, तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, असे समजून शिखर, उघडा कडा किंवा पाणी तत्काळ सोडावे. एकट्या झाडाखाली थांबू नये. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाईपर्यंत पुन्हा वर चढू नये.

ओढे आणि धबधबे यांबाबत आणखी सावध राहावे लागते. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागील बाजूस असलेल्या धबधब्यावर एका कुटुंबातील पाच जण वाहून गेले. ते प्रवाहाच्या मध्ये खडकावर उभे असताना पाणी वाढले आणि त्यांना काठावर येता आले नाही. डोंगरावर वरच्या बाजूला पाऊस पडला, की खाली ऊन असतानाही ओढा काही मिनिटांत फुगतो. पाणी गढूळ होऊ लागले, पाने व काटक्या वाहत येऊ लागल्या किंवा प्रवाहाचा आवाज वाढला, तर क्षणभरही न थांबता काठावर यावे. वाटेत ओढा भरलेला आढळला, तर तो ओलांडण्याचे धाडस करू नये. पाऊस थांबल्यावर लहान ओढे बहुधा काही तासांत उतरतात. एवढा वेळ वाट पाहण्याची तयारी हवी.

पाठगत प्रश्न – २
१. वेलचेरीचे पाणी समुद्रापर्यंत कोणत्या मार्गाने जाते?
२. निघताना वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने का जावे?
३. ओढ्याचे पाणी वाढणार असल्याच्या दोन खुणा लिहा.

५. काटकसर कोठे करावी?

प्रवास ही श्रीमंतांची चैन नाही. आषाढीला पंढरपुराकडे जाणारा वारकरी ऐन पावसात अनेक दिवस चालतो आणि त्याच्याजवळ गरजेपुरतेच सामान असते. कमी ओझे आणि कमी खर्च या गोष्टी आपल्या परंपरेत एकत्रच नांदत आल्या आहेत.

जेवण, मुक्काम आणि वाहन या तिन्ही बाबतींत पैसे वाचवता येतात. रात्रीच्या रेल्वेगाडीने गेल्यास एका मुक्कामाचा खर्च वाचतो. आरक्षित तिकीट असलेल्यांना मोठ्या स्थानकांवरील विश्रामकक्ष मिळू शकतात. सामायिक खोलीत एक खाट घेतली, तर पूर्ण खोलीचे भाडे द्यावे लागत नाही. चेन्नईत २०१३ साली सुरू झालेल्या ‘अम्मा उणवगम’ या सरकारी उपाहारगृहांत इडली, पोंगल आणि दहीभात अतिशय स्वस्तात मिळतो.

पावसासाठी महागडे कपडे घेण्याचीही गरज नाही. कोकणातील शेतकरी भातलावणीच्या वेळी बांबू व पानांचे इरले पाठीवर घेत असे. त्यामुळे दोन्ही हात मोकळे राहत आणि आत वारा खेळत असे. चालताना छत्रीपेक्षा सैल पावसाळी झूल अधिक सोयीची, त्याचे कारणही हेच आहे. धनगराचे घोंगडे भिजले तरी काही प्रमाणात ऊब देते. सुती कपडा मात्र भिजला की अंगाला चिकटतो व उष्णता ओढून घेतो. घाटमाथ्यावर वाऱ्यात भिजलेल्या माणसाला त्यामुळे हुडहुडी भरते आणि त्याची विचारशक्ती मंद होते. म्हणून लवकर सुकणारे कपडे घालावेत आणि एक कोरडा जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवावा. तो मुक्कामी पोहोचेपर्यंत वापरू नये.

काही बाबतींत मात्र काटकसर करू नये. जीवरक्षक जाकीट, चांगल्या पकडीचे बूट, विजेरी, प्राथमिक उपचारांचे साहित्य आणि मार्गदर्शकाचा मोबदला यांवरील पैसे वाचवणे अंगलट येऊ शकते. याशिवाय परतीच्या तिकिटाएवढे आणि एका जादा मुक्कामापुरते पैसे वेगळे बाजूला ठेवावेत. ते नसतील, तर माणूस पाऊस पडत असतानाही ‘आजच परत गेले पाहिजे’ या दडपणाखाली पुराच्या पाण्यातून वाट काढतो. शिलकीतला एक दिवस त्याचे प्राण वाचवू शकतो.

६. परत फिरण्याचा निर्णय

गटात एखादा तरी सावध माणूस असतो आणि तो इतरांना थांबवतो. एकट्या प्रवाशाला असे थांबवणारे कोणी नसते. म्हणून हे काम त्याने स्वतःच, आणि घरून निघण्यापूर्वी, करून ठेवावे लागते.

यासाठी भारतीय हवामान विभागाचे इशारे उपयोगी पडतात. पिवळा रंग हवामानावर लक्ष ठेवण्यास सांगतो, नारिंगी रंग तयारीत राहण्यास सांगतो आणि लाल रंग तत्काळ कृती करण्यास सांगतो. चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटर किंवा अधिक पाऊस झाल्यास तो ‘जोरदार’ आणि २०४.५ मिलिमीटर किंवा अधिक झाल्यास तो ‘अत्यंत जोरदार’ मानला जातो. नारिंगी किंवा लाल इशारा असेल, तर डोंगर आणि पाणी दोन्ही वर्ज्य करावे. त्या दिवशी वाचन करावे, गावातील माणसांशी बोलावे किंवा एखादे संग्रहालय पाहावे.

निघण्यापूर्वी कागदावर तीन गोष्टी लिहाव्यात : आज कोठे जाणार, कोणत्या वाटेने जाणार आणि किती वाजता परत फिरणार. या कागदाची एक प्रत मुक्कामाच्या ठिकाणी द्यावी व तोच मजकूर घरच्या विश्वासू माणसाला कळवावा. ठरलेल्या वेळेपर्यंत निरोप आला नाही, तर ११२ या क्रमांकावर संपर्क साधावा, असेही त्यांना सांगून ठेवावे. स्त्रियांनी तर हे आवर्जून करावेच, पण पुरुषांनीही त्यात कमीपणा मानू नये. एकट्याने प्रवास करणे म्हणजे कोणालाही न सांगता निघून जाणे नव्हे.

परत फिरण्याची वेळ एकदा लिहिली, की शिखर शंभर पावलांवर असले तरी ती पाळावी. सकाळी शांत मनाने घेतलेला निर्णय हा दुपारी दमलेल्या, भिजलेल्या आणि उत्साहाच्या भरात असलेल्या मनाच्या निर्णयापेक्षा अधिक विश्वसनीय असतो. राजगिरी साडेतीनशे वर्षांपूर्वीही तेथेच होती आणि पुढच्या वर्षीही तेथेच असणार आहे. वेलचेरीचे पाणीही दर पावसाळ्यात आपल्या जुन्याच वाटेने खाडीकडे जाणार आहे. त्या वाटेतून बाजूला होण्याचे काम मात्र प्रवाशालाच करावे लागते.

तुम्ही काय शिकलात?

• महाराष्ट्रात जून ते सप्टेंबर, तर चेन्नईत मुख्यतः ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात पाऊस पडतो.
• तलाव व दलदली बुजवल्या, तरी पावसाचे पाणी आपल्या जुन्या उताराने वाहते.
• प्रवास एकट्याने करता येतो, पण पाण्यात एकट्याने उतरू नये.
• मुक्काम, जेवण व वाहन यांत काटकसर करावी. सुरक्षिततेत करू नये.
• परत फिरण्याची वेळ निघण्यापूर्वीच ठरवावी व पाळावी.

शब्दार्थ

बाष्प – वाफ, हवेतील पाण्याचा अंश
सखल – आजूबाजूच्या जमिनीपेक्षा खालच्या पातळीवरचा
रोहित – फ्लेमिंगो पक्षी
झोळीवाला – चोचीखाली पिशवी असलेला पेलिकन पक्षी
घळ – डोंगरातील खोल व अरुंद फट
इरले – पावसापासून संरक्षणासाठी डोके व पाठ झाकणारे बांबू-पानांचे आच्छादन
वर्ज्य करणे – टाळणे

पाठान्त प्रश्न

१. पावसाचा ‘मिलिमीटर’मधील आकडा लिटरमध्ये कसा समजून घ्यावा, हे उदाहरणासह स्पष्ट करा.
२. वेलचेरीतील रहिवाशांनी मोटारी उड्डाणपुलावर का उभ्या केल्या? त्यातून प्रवाशाने काय शिकावे?
३. एक जादा मुक्कामाचे पैसे बाजूला ठेवण्याचा सल्ला लेखकाने का दिला आहे?
४. तुमच्या गावातील पावसाचे पाणी कोणत्या वाटेने वाहते? वडीलधाऱ्या माणसांना विचारून दहा ओळींत माहिती लिहा.
५. तुम्ही एका दिवसाच्या सहलीला एकटे निघाला आहात, अशी कल्पना करून घरी ठेवण्यासाठी प्रवासाचा तपशील लिहा.